वाकड्या निरगुडीला तीन आवतणं

सहादेव आबांचे गुडघे धरले, ही गोष्ट पंचक्रोशीत कुणाला खरीच वाटेना. चाळीस वर्षं दर रविवारी ज्याच्या ओसरीसमोर जामखेडपासूनचे लंगडे, वाकडे, कण्हणारे लोक ओळीने बसत, ज्याच्या लेपाने आखडलेली माणसं बैलगाडीतून येऊन पायी परत जात, त्या माणसाला ओसरीची एक पायरी उतरवायला आता दोन जण लागत होते. विहिरीचा मालक तहानेने मरावा, तशातली गत.

घरच्यांना मात्र त्यात नवल नव्हतं. त्या घराण्याच्या औषधाची रीतच तशी होती. वाताचं हे औषध एका वेळी एकालाच ठाऊक असावं, गुण त्या जाणत्याच्या हाताला असतो, आणि आपल्या हाताचा गुण आपल्या अंगाला लागत नाही. औषध दुसऱ्याच्या स्वाधीन केलं की जाणता साधा रोगी होतो, मग त्यालाही गुण येतो. इतकी सोपी तोड असताना आबांचे आजोबा शेवटची सहा वर्षं बसल्या जागेवरून सरकत राहिले, आणि वडिलांना पोत्यासारखं उचलून उन्हात ठेवावं लागे. कारण औषध दिलं की दारातली रांग गेली, आणि रांग गेली की घरात आपल्याला कोण विचारतो, ही धास्ती गुडघ्यापेक्षा जास्त ठणकत असे. आजोबांनी औषध सांगितलं ते मरणाच्या आदल्या दिवशी. वडिलांनी मरणाच्या दिवशी, तेही दुपारी.

आबा त्यांच्याहून शहाणे निघाले, किंवा त्यांना दुखत जास्त असावं. पौषातल्या पौर्णिमेला रविवार आणि पुष्य नक्षत्र एकत्र येत होतं. त्या दिवशी जो कोणी रीतीने मुळी आणील त्याला औषध देईन, असं त्यांनी जाहीर केलं. कुणा एकाचं नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून त्यांनी नाव घेतलं नाही. भांडणाला अंगण तेवढं झाडून दिलं.

त्या अंगणात पहिला उतरला थोरला गहिनीनाथ. त्याला लांबून यायचं नव्हतंच, तो घरीच असे. मागल्या दिवाळीत आबांना पाठीवर घेऊन परसाकडे नेण्याची पाळी आली तेव्हा त्याच्या पाठीत उसण भरली होती, ती पुष्य नक्षत्राचं नाव ऐकताच उतरली. गुरुवारी दुपारच्या मोटारीने नगरहून धाकटा काकासाहेब आला. तो तिथे मास्तर होता. लढाईचं सहावं वर्ष, रॉकेलपासून साखरेपर्यंत सगळ्याची टंचाई, तरी त्याच्या खिशात फौंटनपेन आणि बगलेत कोरी वही होती. शुक्रवारी राहुरीहून मुलगी बायडाबाई आली. सासूला बरं नसताना आले, असं तिने सगळ्यांना दोनदा सांगितलं.

गहिनीनाथाची बायको लंकाबाई हे सगळं चुलीपुढून पाहत होती. तिला यातलं काही नवं नव्हतं. चोवीस वर्षं या घराच्या पाट्यावर औषध तीच वाटत आली होती. निरगुडीची मुळी, एरंडाची मुळी, सुंठ, लसूण, सगळं तिने वाटायचं, तिळाच्या तेलात कढवायचं, आणि पातेलं उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवायचं. मग आबा ते घेऊन कोठीत जात, दार लावत आणि घराण्याची ती शेवटची गुप्त वस्तू घालून बाहेर येत. पातेलं परत लंकाबाईकडे घासायला येई.

तिच्या बोटांची पेरं आता सुजू लागली होती. थंडीत पहाटे मूठ वळत नसे. दर रविवारी रोग्यांना वाटून उरलेलं, पातेल्याच्या कडेला लागलेलं औषध ती निपटून बोटांना लावी, म्हणून आठवडाभर भाकरी थापता येत असे. एवढं एक तिचं सुख होतं, आणि ते चोरीचं होतं.

सासऱ्याशी ती कधी बोलली नव्हती. तशी पद्धतच नव्हती. लग्नानंतर पहिली काही वर्षं आबा पोरांना सांगत, "तुज्या आईला म्हनावं, पानी आन." पोरं मोठी झाली, पोरगी सासरी गेली, तेव्हापासून आबा ओसरीच्या लाकडी खांबाला, मेढीला, सांगत. "दशमी मऊ झाली न्हाई," असं मेढीला म्हटलं की दुसऱ्या दिवशी दशमी मऊ होत असे. मेढ काही उलट बोलत नव्हती, आणि लंकाबाईही.

शुक्रवारी रात्री जेवणं होईतो काकासाहेब आणि बायडाबाई एका बाजूला होते. गहिनीनाथाने औषध हातात घेतलं तर तो त्याचं काय करील, यावर दोघांचं एकमत झालं. शनिवारी सकाळी बायडाबाईला कळलं, की काकासाहेब सगळं वहीत लिहून काढणार आहे. लिहिलेलं औषध म्हणजे उघड्यावर टाकलेलं औषध, असं म्हणत ती थोरल्याच्या बाजूला गेली. दुपारी थोरला म्हणाला, की लेकीच्या हाती औषध गेलं तर ते राहुरीच्या लोकांचं होईल. तेव्हा ती कुणाच्याच बाजूला राहिली नाही. दोघे भाऊ मात्र बहिणीविरुद्ध एक झाले आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा दोन झाले.

निरगुडीला आदल्या संध्याकाळी आवतण द्यावं लागे. ओढ्याच्या काठावर पणजोबांच्या वेळची एक वाकडी निरगुडी होती. तिच्यापुढे हळदकुंकू, अक्षता, सुपारी ठेवायची, उद्या माझ्या कामाला ये म्हणायचं, आणि तिथून तोंडाला कुलूप लावायचं. पहाटे जाऊन लोखंड न लावता मुळी काढायची, मागे वळून बघायचं नाही, आणि रोग्याच्या अंगाला लेप लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की मुळी सरपणाच्या लायकीची.

तिसऱ्या प्रहरी गहिनीनाथ स्वयंपाकघरात आला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "एक ताट कर. कुकू, तांदूळ, सुपारी. कुनाला बोलू नगंस."

तो गेल्यावर काकासाहेब आला. "वहिनी, एक लहानसं ताट लागेल. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण आबांच्या समाधानासाठी. दादाला कळायला नको."

"बरं," लंकाबाई म्हणाली.

मग बायडाबाई पाणी प्यायच्या निमित्ताने आली. तांब्या तसाच भरलेला ठेवून म्हणाली, "वैनी, मी काय परकी हाय का? याच घरात जल्माला आले. एक ताट दे गुमान."

लंकाबाईने तिन्ही ताटं भरली. सुपाऱ्या दोनच होत्या, तिसऱ्या ताटात तिने खारीक ठेवली. कुणाच्या वाट्याला खारीक आली ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

अंधार पडायच्या आधी ती ओढ्यावर घागर भरायला गेली, तेव्हा निरगुडीपुढे तीन ठिकाणी कुंकू सांडलं होतं. एकाच्या अक्षतांवर दुसऱ्याचा पाय पडलेला दिसत होता. एकाच दिवशी तीन घरचं जेवणाचं बोलावणं आलेल्या गरीब माणसासारखं ते झाड वाकून उभं होतं. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, बुंध्याशी माती फुटली होती. तीन-तीन यजमान येऊन गेले, पण पाहुण्याला पाणी कुणी विचारलं नव्हतं. लंकाबाईने घागर अर्धी त्याच्या बुडाशी रिकामी केली. 'ये गं बाई,' असं मनातल्या मनात म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं, आणि उरलेली घागर भरून घरी आली.

त्या रात्रीचं जेवण त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच मुकाट्याने झालं. गहिनीनाथ रुसल्यासारखा मान खाली घालून जेवला. काकासाहेबाने घशाकडे बोट दाखवून, घसा बसल्याचं सुचवलं. बायडाबाईने दोन्ही हात जोडून डोळे मिटले, म्हणजे तिचं कसलंसं व्रत असावं. प्रत्येकाला आपलं सोंग उत्तम वठल्याची खात्री होती आणि बाकी दोघे गप्प का, याचा संशय. आबांनी तिघांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "आज घरात येकी दिसतीया," ते मेढीला म्हणाले.

लंकाबाईला कुणी काही विचारलं नाही, त्यामुळे तीही काही बोलली नाही. हे नेहमीचंच असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

पहाटे गहिनीनाथाने तिला खांद्याला हात लावून उठवलं आणि बाभळीच्या खुंटीकडे बोट केलं. लोखंड चालत नाही, म्हणून मुळी उकरायला ही अणकुचीदार खुंटी घरात जपून ठेवलेली होती. ती उचलून आणायला बायको लागे. तो पुढे आणि खुंटी घेऊन ती मागे, अशी दोघं ओढ्यावर पोचली, तर निरगुडीशी काकासाहेब मफलर गुंडाळून उभा होता, आणि बायडाबाई बुंध्याला पाठ लावून फतकल मारून बसली होती.

यानंतर जे भांडण झालं, तसं भांडण लंकाबाईने आयुष्यात पाहिलं नव्हतं, कारण त्यात आवाजच नव्हता. गहिनीनाथाने छाती ठोकली, म्हणजे मी थोरला. काकासाहेबाने कपाळावर बोट आपटलं, म्हणजे अक्कल कुणाला आहे. बायडाबाईने जमिनीवर हात थोपटला, म्हणजे मी इथली, आणि उठणार नाही. गहिनीनाथाने तिचा हात धरून ओढलं. तिने दुसऱ्या हाताने फांदी धरली, निरगुडीची पानं सगळ्यांच्या डोक्यावर पडली. काकासाहेबाने वही काढली, 'हा सरळ अन्याय आहे' असं लिहिलं आणि पान दोघांपुढे धरलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं. पण लिहिणं म्हणजे बोलणंच की, असा मुद्दा गहिनीनाथाने काढला. तो त्याने कसा काढला हे सांगणं कठीण आहे, पण बोट वहीकडे, मग ओठांकडे आणि मग घराकडे, यातून तो स्पष्ट होत होता. काकासाहेबाने पान फाडून खिशात कोंबलं.

तिघांचेही चेहरे लाल झाले होते. तिघांच्याही तोंडात वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं आणि दातांच्या आड कसंबसं थोपवलं होतं. आता दुसऱ्याने आधी बोलावं, एवढीच प्रत्येकाची देवाकडे मागणी होती. गहिनीनाथाने बहिणीला चिमटा काढून पाहिला. तिने पदर तोंडात कोंबला आणि त्याच्या पायावर टाच दिली.

तेवढ्यात ओढ्यातून गाडी वर आली. जामखेडचा लालमहंमद पिंजारी आईला घेऊन निघाला होता. रोशनबी गाडीत वाकळीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. लालमहंमद गाडी थांबवून बघत राहिला. पौषाच्या थंडीत तिन्ही भावंडं एका झुडपाला झोंबलेली, आणि कुणी रामराम घेईना. भल्या मनाचा माणूस, त्याने सहज विचारलं,

"समदी बांधावर? वाटनी झाली जनू?"

"न्हाई!"

तिन्ही तोंडांतून एकदमच निघालं. काकासाहेबाचं 'नाही' तेवढं थोडं शुद्ध होतं. बाकी फरक नव्हता.

क्षणभर तिघंही तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आणि मग बांध फुटला. आधी कोण बोललं, यावरून सुरुवात झाली. तिथून चिमट्यावर, चिमट्यावरून विहिरीच्या पाळीवर, आईच्या डोरल्यावर, आणि काकासाहेबाला शिकवलं ते कुणाच्या घामावर, असं करत तिघं न्याय मागायला आबांकडे निघाली. दूरवर गेली तरी बायडाबाईचा आवाज ऐकू येत होता.

लालमहंमद खजील झाला. "मी काय वंगाळ बोललो का?" त्याने लंकाबाईला विचारलं. तिने मान हलवली.

"आता मुळीचं काय गं पोरी?" रोशनबी गाडीतून कण्हत म्हणाली. "पुढला जोग कवा?"

लंकाबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिला जाणवलं. काल तिसऱ्या प्रहरी काकासाहेबाला 'बरं' म्हणाली होती. त्यानंतर या तोंडातून एक शब्द गेलेला नव्हता. आणि काल संध्याकाळी या झाडाला 'ये गं बाई' कुणी म्हटलं होतं?

तिने तोंड मिटलं.

खुंटी हातात होती. ती जमिनीत घातली तर मुळी रीतीची होती, आणि औषध आपल्या गळ्यात पडणार होतं. एकदा ते पडलं की आपल्या हाताचा गुण आपल्या अंगाला नाही. आजवर तिने चोरून लावलं, ते चाललं, चोरीच्या मालाला रीत लागत नाही. पण स्वाधीन झालेलं औषध म्हणजे हक्काचं, आणि हक्काचं झालं की या बोटांना ते बंद. चार वर्षांत ही बोटं खुंटीसारखी होतील. उलट, रोशनबीला 'पुढच्या साली' असं नुसतं म्हटलं, की सगळं जिथल्या तिथे. आबा बसल्या जागी सरकत राहतील, ही म्हातारी वाकळीवर घरी जाईल, आणि आपल्याला पातेल्याच्या कडेचं मिळत राहील.

तिने त्यागबिग काही मनात आणलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की आज मुळी घरी गेली नाही तर पुढचा योग धरायला ही तिघं घरातच मुक्काम ठोकतील, आणि भाकरी आपल्यालाच थापाव्या लागतील. शिवाय रोशनबीचे गुडघे पाटीएवढे सुजलेले होते, ते तिला दिसत होते. खुंटी एवढ्या लांब आणली होती, ती काय तशीच परत न्यायची?

ती खाली बसली. काल पाणी घातलं होतं तिथली माती मऊ होती. बाकीची दगडासारखी. बोटं ठणकत होती, तरी मुळी अखंड निघाली. पदराखाली घेऊन ती निघाली आणि मागे वळून पाहिलं नाही. गाडी तिच्यामागून येत असल्याचं चाकांच्या आवाजावरून कळत होतं.

अंगणात खटला चालू होता. कोण आधी बोललं याला साक्षीदार लालमहंमद, असं ठरून तिघंही त्याची वाट बघत होती. तो येताच त्याला खाली उतरू न देता घेरलं. आबांना हा गलका सोसेना, म्हणून ते हातावर सरकत माजघरात जाऊन बसले होते. लंकाबाई मागच्या दाराने आत गेली. मुळी धुतली, वाटली, तेलात टाकली. मग कोठीत गेली. दार लावलं नाही. फळीवरच्या मडक्यातून हवी ती वस्तू घेतली, कुटली, पातेल्यात घातली, आणि वाटी आणि मोराचं पीस घेऊन सासऱ्यापुढे येऊन बसली. आबा बायामाणसांना लेप त्या पिसानेच लावत, म्हणजे हात लागायला नको.

आबांनी वाटीकडे पाहिलं. मग सवयीने माजघरात मेढ शोधली, ती तिथे नव्हती. ओसरीवर राहिली होती.

"मुळी कुनी आनली?" त्यांनी शेवटी हवेला विचारलं.

लंकाबाई बोलली नाही. पिसाने तिने एका गुडघ्यावर लेप ओढला, मग दुसऱ्यावर. ऊन ऊन तेल कातडीत उतरलं तसे आबांचे खांदे सैल झाले. गुण मुळीचा होता, तेलाचा, की चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यापुढे वाटी घेऊन बसलं याचा, हे ठरवायला तिथे कुणी वैद्य नव्हता.

"बाईला द्यायचं न्हाई, अशी रीत असंल," आबा थोड्या वेळाने म्हणाले. "पर मला आता आठवत न्हाई. औषीद तुजं झालं. फकस्त येक जिन्नस सांगायचा ऱ्हायलाय."

"वेखंड," लंकाबाई म्हणाली. "घातलंय."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. चोवीस वर्षांत त्यांनी तिचा आवाज एवढ्या जवळून ऐकला नव्हता.

"तुला कुनी सांगितलं?"

"पातेलं कोन घासतं, मामंजी?"

बाहेर लालमहंमद शपथ घेऊन सांगत होता, की तिन्ही आवाज एकदमच आले, आणि तिघंही त्याला खोटं ठरवत होती. आबांची नजर लंकाबाईच्या बोटांवर गेली. पातेल्याच्या कडेचं कुठे जातं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते मेढीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"चुकलीस लेकरा," ते म्हणाले. "आता तुज्या हातांना गुन न्हाई यायचा. मी बसलो तशी बसशील."

लंकाबाईने पदर सारखा केला. हे बोलणं तिने निरगुडीपासून घरापर्यंत मनात घोळवत आणलं होतं.

"मला वेखंडाचं बारा वर्सं ठावं हाय. म्हंजी बारा वर्सं दोगं जानते हुतो. गुन गेला का?"

"न्हाई."

"मग तुमचं औषीद तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माजं माज्यापाशी. माज्या हातानं तुमाला, तुमच्या हातानं मला. रीत कुठं मोडती?"

आबांनी मनातल्या मनात पडताळून पाहिलं. रीत कुठेच मोडत नव्हती. त्यांना उन्हात पोत्यासारखा ठेवलेला बाप दिसला, सरकत सरकत उंबऱ्याशी येणारा आजा दिसला. सगळी शहाणी माणसं. सगळ्यांनी गुडघे धरून दिवस काढले, पण दोघांना सांगितलं तर दोघंही चालतील, हे एकालाही सुचलं नाही. सुचलं असेलही कदाचित. पण मग जाणता एकटा राहिला नसता.

त्यांनी हात पुढे केला. लंकाबाईला वाटलं, उठायला आधार मागतायत. पण ते पीस मागत होते.

"बोटं हिकडं कर," आबा म्हणाले, आणि मग ओरडून बाहेर सांगितलं, "लालमहंमद, त्यांचं हुईल तवा हुईल. तुज्या आईला आत आन. जानतं मानूस मोकळं हाय."

बाहेर कुणी ऐकलं नाही. साक्ष पुरी झाल्याशिवाय आई आत जायची नाही, असं गहिनीनाथ लालमहंमदाला बजावत होता.